जुन्या छोट्या होडीला मोठं पुढचं शीड निवडताना

माझ्या होडीसाठी मी घेतलेलं पहिलं मोठं शीड सध्या शेतात कडब्याच्या गंजीवर पांघरलेलं आहे. कापड चांगलं होतं, शिवणही चांगली होती, पण ते माझ्या होडीचं नव्हतं. विकणाऱ्यानं फोनवर सांगितलं, ‘दीडशे टक्क्यांचं जेनोआ आहे.’ मी मोजमाप न विचारता हो म्हटलं आणि पैसे पाठवून मोकळा झालो. ट्रॅव्हल्सच्या डिक्कीतून ते माजलगावला आलं. चढवलं, तर शेंडा डोलकाठीच्या टोकाला जाऊन भिडला तरी पुढची कड वाळत घातलेल्या लुगड्यासारखी लोंबतच होती. विकणारा खोटं बोलला नव्हता. दीडशे टक्के खरेच होते, फक्त ते त्याच्या होडीचे होते.

मराठवाड्यात कुणी जुनी, पंधरा ते वीस फुटांची फायबरची होडी ट्रकवर घालून आणली असेल, किंवा आणायच्या विचारात असेल, तर हे त्याच्यासाठी. एक गोष्ट आधीच सांगतो. धरणाच्या पाण्यात होडी घालायला जलसंपदा विभागाची लेखी परवानगी लागते. पैठणचा नाथसागर तर १९८६पासून पक्षी अभयारण्य आहे, तिथं वन विभागालाही विचारावं लागतं. हे झाल्याशिवाय शिडावर एक रुपया घालू नका.

शब्द लावून घेऊ

होडीला दोन शिडं असतात असं धरतो. डोलकाठीच्या मागं असतं ते मेन, पुढं असतं ते जिब. हेच जिब इतकं मोठं केलं की त्याचा मागचा भाग डोलकाठी ओलांडून मेनला शेजारून झाकू लागतो, तेव्हा त्याला जेनोआ म्हणतात. इटलीतल्या जिनोआ शहराचंच हे नाव. १९२०च्या दशकात स्वेन सालेन नावाच्या स्वीडिश नौकानयनपटूनं तिथल्या शर्यतीत असं शीड वापरलं आणि नाव चिकटलं.

पुढच्या शिडाची तारेला लागून असलेली कड म्हणजे लफ, मागची मोकळी कड लीच आणि खालची फूट. नाळेजवळचा, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाजवळचा कोपरा टॅक, वरचा शेंडा हेड आणि मागचा मोकळा कोपरा क्लू. नाळेपासून डोलकाठीला जाणारी तार ती फोरस्टे, बाजूच्या तारा त्या श्राउड. क्लूला बांधून ओढायच्या दोरीला शीट म्हणतात. नवख्याला शीट म्हणजे कापड वाटतं, मलाही तसंच वाटलं होतं. ती दोरी असते.

पायरी पहिली: दुखणं शिडाचंच आहे ना?

आमच्याकडे पावसाळ्यात वारं पश्चिमेचं, नैऋत्येचं आणि दमदार. तेव्हा मोठं शीड लागतच नाही, उलट असलेलं कमी करावं लागतं. दिवाळीनंतर वारं फिरून पूर्व, ईशान्येकडून येतं आणि अगदी हलकं होतं. पाणी भरलेलं, हवा गार, आणि होडी मात्र जागच्या जागी. मोठ्या शिडाचा मोह नेमका याच दिवसांत होतो. तो चुकीचा नाही. पण आधी होडी बाहेर काढून बूड बघा. गोड्या पाण्यात महिनाभर उभ्या राहिलेल्या होडीच्या बुडाला शेवाळाचा बुळबुळीत थर धरतो, आणि हलक्या वाऱ्यात तोच सगळा वेग खाऊन टाकतो. नारळाच्या काथ्यानं एक तास घासलं की अर्धं शीड फुकटात मिळतं.

मग जुनं जिब तपासा. शिडाचं कापड म्हणजे डॅक्रॉन, पॉलिएस्टरचंच घट्ट विणलेलं. पैठणच्या मागावर जसा ताणा-बाणा तसाच यातही. उभ्या आणि आडव्या धाग्यावर ओढलं तर ताणत नाही, उरेब ओढलं की ताणतं. खात्री करायची तर खिशातला रुमाल घ्या. कडेनं ओढा, मग कोपऱ्याला कोपरा धरून तिरका ओढा. शिडातही हेच होऊ नये म्हणून नव्या डॅक्रॉनमध्ये राळेसारखं द्रव्य भरून धागे एकमेकांना जखडलेले असतात. म्हणून नवं शीड कागदासारखं कडकड वाजतं. वर्षं गेली, वाऱ्यात फडफडलं, उन्हात तापलं की ती राळ सुटते आणि कापड धोतरासारखं मऊ पडतं. असं शीड वाऱ्यात पोत्यासारखं फुगतं. ते होडीला पुढं कमी ओढतं आणि बाजूला जास्त कलवतं. तुमचं जिब असं झालं असेल, तर त्याच मापाचं नवं जिबसुद्धा होडी बदलल्यासारखं वाटेल. मोठ्याचा विचार नंतर करता येतो.

अजून एक बघायचं. फोरस्टे डोलकाठीच्या अगदी टोकापर्यंत जाते, की टोकाच्या खाली कुठं तरी संपते? टोकापर्यंत जात असेल तर पुढचं शीड हेच होडीचं इंजिन आहे, आणि ते मोठं केल्याचा फायदा ठळक दिसतो. खाली संपत असेल तर इंजिन मेन आहे. तिथं पैसे मेनवर घाला. १९७०च्या दशकातल्या बऱ्याच होड्या पहिल्या प्रकारच्या आहेत, आणि त्यामागं शर्यतीचे नियम आहेत. आयओआर नावाच्या त्या काळच्या नियमात पुढच्या शिडाचा डोलकाठीमागं जाणारा पसारा दीडशे टक्क्यांपर्यंत जवळजवळ फुकट मिळायचा. साहजिकच सगळ्यांनी मेन लहान आणि जेनोआ मोठं केलं. ‘दीडशे’ हा आकडा जुन्या होड्यांच्या मागं लागला तो तिथून. आपल्याला शर्यत करायची नाही, त्यामुळं त्या आकड्याला मान द्यायचंही कारण नाही.

पायरी दुसरी: टेप काढा

दोन मापं लागतात. डोलकाठीच्या पुढच्या अंगापासून फोरस्टे डेकला जिथं मिळते तिथपर्यंतचं आडवं अंतर म्हणजे ‘जे’. डेकपासून फोरस्टेच्या वरच्या टोकापर्यंतची उभी उंची म्हणजे ‘आय’. ‘आय’ मोजायला डोलकाठीवर चढायचं नाही. शीड वर ओढायच्या दोरीला टेपचं टोक बांधा आणि वर चढवा. टेपबरोबर एक बारीक दोरीही बांधून खाली धरा, म्हणजे टेप वर अडकला तर खाली ओढता येतो. माझा एक टेप अजून वर असता, पण गवंडीकाम करणाऱ्या भावकीतल्या पोरानं हे आधीच सुचवलं म्हणून वाचलो.

तिसरं माप मी पहिल्या वेळी घेतलंच नव्हतं, आणि सगळा घोळ तिथंच झाला. टेपचं टोक वर चढवून दोरी जाईल तितकी ओढा, आणि टॅक जिथं अडकतो त्या हुकापर्यंत तिरकं मोजा. शिडाची पुढची कड याहून लांब असून चालतच नाही. यातून अर्धा फूट वजा करा, कारण कापड ओढल्यावर थोडं लांबतं आणि वर ताणायला जागा उरावी लागते.

माझ्या अठरा फुटी होडीची मापं अशी: जे ७ फूट, आय २१ फूट, आणि हुकापासून वरपर्यंत साडेएकवीस फूट. म्हणजे लफ जास्तीत जास्त २१ फूट. कडब्यावरच्या त्या शिडाची लफ साडेबावीस फूट भरली.

पायरी तिसरी: टक्के कशाचे ते समजून घ्या

क्लूपासून लफवर काटकोनात टेप धरला की जे अंतर येतं त्याला एलपी म्हणतात. एलपीला ‘जे’नं भागा आणि शंभरनं गुणा, झाले टक्के. म्हणजे हे टक्के क्षेत्रफळाचे नाहीत आणि शिडाचेही नाहीत. शीड आणि होडी यांच्या जोडीचे आहेत. त्या विकणाऱ्याच्या होडीचा जे ६ फूट होता, शिडाची एलपी ९ फूट. त्याच्याकडे ते १५०. माझ्या ७ फुटांवर तेच शीड १२९ भरतं.

आता माझ्या होडीवर तीन शिडांचा हिशोब करू. क्षेत्रफळ म्हणजे लफ गुणिले एलपी, भागिले दोन.

शंभर टक्क्यांचं जिब: २१ × ७ ÷ २ = ७३.५ चौरस फूट.
एकशे पस्तीसचं जेनोआ: एलपी ९.४५ फूट, क्षेत्रफळ ९९ चौरस फूट.
दीडशेचं: एलपी १०.५ फूट, क्षेत्रफळ ११० चौरस फूट.

शंभरवरून एकशे पस्तीसवर गेलात की २५-२६ चौरस फूट कापड वाढतं. तिथून दीडशेवर गेलात तर आणखी फक्त अकरा. त्या अकरा फुटांसाठी किती त्रास विकत घ्यावा लागतो ते पुढच्या पायरीत दिसेल. माझं मत मात्र आताच सांगून टाकतो. आमच्यासारख्या धरणाच्या पाण्यावर, दोन माणसांनी चालवायच्या जुन्या होडीला १३० ते १३५ पुरे.

पायरी चौथी: सुतळीचं शीड

याला खर्च शंभर रुपयांच्या आत येतो आणि वाचवतो हजारो. होडी ट्रेलरवर, डोलकाठी उभी, वारं नसलेली सकाळ. माझी होडी गोठ्याशेजारी उभी होती आणि बघायला अर्धी आळी.

सुतळीचे तीन तुकडे घ्या आणि तिन्हींचं एक टोक एकत्र गाठ मारून बांधा. ही गाठ म्हणजे क्लू. पहिल्या तुकड्याचं दुसरं टोक शीड ओढायच्या दोरीला बांधून वर चढवा, ती झाली लीच. दुसरा टॅकच्या हुकाला बांधा, तो झाला फूट. तिसरा मोकळा ठेवा, ती शीट. माझ्या १३५च्या शिडासाठी लीच १९ फूट ३ इंच आणि फूट १० फूट ४ इंच धरली होती. या मापांनी बांधून गाठ मागं ओढली की हवेत शिडाचा पूर्ण त्रिकोण उभा राहतो. तो बघताना मजा वाटते, पण बघायच्या गोष्टी तीन आहेत.

पहिली, गाठ कुठं येते. माझी नाळेपासून साडेदहा फुटांवर, डेकपासून दीड फूट वर आली. दीड फूट हे मी मुद्दाम ठेवलं. शर्यतीची जेनोआ डेक झाडत जातात, त्यात जोर थोडा जास्त मिळतो, पण पुढचं काही दिसत नाही. आमच्या पाण्यात जाळ्यांच्या खुणा म्हणून प्लास्टिकच्या रिकाम्या बाटल्या तरंगत असतात, आणि थर्माकोलच्या तराफ्यावर माणसं बसलेली असतात. शिडाखालून त्या दिसल्याच पाहिजेत. तुम्ही क्लू दोन फुटांवर नेलात तरी बिघडत नाही.

दुसरी, शीट डेकवर कुठं पडते. तिसरी सुतळी खाली ओढताना तिची रेघ वर वाढवली तर लफच्या मध्यावर, किंवा मध्याच्या जरा खाली गेली पाहिजे. एक जण ट्रेलरपासून दहा-बारा पावलं लांब बाजूला उभा राहून हात लांब करून काठी धरतो आणि ओरडतो, ‘पुढं, पुढं, बास.’ माझी जागा नाळेपासून साडेअकरा ते बारा फुटांवर आली, बाजूच्या डेकवर, केबिनच्या भिंतीला लागून. तिथं पक्का ब्लॉक, म्हणजे शीट फिरवून घ्यायची कप्पी, बसवता येतो. मग दीडशेची मापं लावली. जागा सरकली तेरा फुटांच्या आसपास, म्हणजे थेट बसायच्या जागेच्या कडेवर, जिथं फायबर पातळ आहे आणि माझं कोपर असतं.

तिसरी, फूटची सुतळी श्राउडच्या आतून जाते की बाहेरून. शंभर-एकशे पाचच्या आत असलेलं जिब आतून घेता येतं. मोठं जेनोआ बाहेरूनच न्यावं लागतं, म्हणून त्यावर होडी वाऱ्याच्या तोंडाच्या तितकी जवळ जात नाही. वर आडव्या काठ्या असतात त्या स्प्रेडरना लीच घासते का तेही आताच बघा. घासत असेल तर शिवणाऱ्याला त्या जागी ठिगळ लावायला सांगता येतं.

आमच्या घरामागं राहणारे मामा धरणात मासे धरतात. ते बराच वेळ सुतळीकडे बघत उभे होते. म्हणाले, “दादा, येवढं मोठं कामून करायलाव? वारं आलं की एकदमच येतंय हितं.” मी म्हटलं, “मामा, वारं नसतं तेव्हासाठी आहे.” “आन् आल्यावर?” याचं उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं. पुढं येईल.

पायरी पाचवी: काठी आणि तारा हा भार घेतील का

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा जोर चौपट होतो. माझ्या ९९ चौरस फुटांच्या शिडाची शीट ६ नॉटच्या, म्हणजे ताशी साधारण ११ किलोमीटरच्या वाऱ्यात अंदाजे ७ किलोनं ओढते, लेकरूही धरील. १२ नॉटला तीच २८ किलोनं ओढते. हातात धरून बसायची गोष्ट संपली. होडीला विंच (दोरीला वेढे देऊन ओढायचा ढोल) नसेल तर निदान रॅचेट ब्लॉक लावा, तो दोरीला एका बाजूनं अडवतो आणि हातावरचा भार बराच हलका करतो. शीट ८ मिलिमीटर जाडीची घ्या. भारासाठी याहून बारीकही चालेल, पण बारीक दोरी तळहात कापते. प्रत्येक शीटची लांबी होडीच्या दीडपट, म्हणजे माझ्याकडे २७ फूट. क्लूला लोखंडी कडी लावू नका. शीड फडफडताना ती डोक्यात बसते. दोरीचीच बोलाइन, म्हणजे न सरकणाऱ्या फासाची गाठ मारा.

तारा तपासायला आपल्याकडे फुकटचं साधन आहे. कापसाचा बोळा. सरकी काढलेला थोडा कापूस बोटांत धरून तारेवरून वरून खाली फिरवा. तारेतली एखादी बारीक तार तुटून वर आली असेल तर कापूस तिथं अडकतो आणि पांढरा धागा मागं राहतो. नुसत्या हातानं करू नका, बोट फाटतं. सगळ्यात जास्त लक्ष द्यायचं ते तार जिथं खालच्या धातूच्या नळीत शिरते तिथं. गंज आतून सुरू होतो आणि तपकिरी डाग हीच त्याची खूण. एक जरी तार तुटलेली सापडली तरी ती बाजू नवी करा. जुन्या होडीच्या तारा कधी बदलल्या ते विकणाऱ्याला सांगता येत नसेल, तर मोठ्या शिडाआधी पैसे तिथं जातील असं धरून चाला. दहा-पंधरा वर्षांनंतर तारांवर विश्वास टाकू नये, त्या कितीही चकचकीत असोत.

शीटचा ब्लॉक बसवायला लगेच डेकला छिद्र पाडू नका. आधी उघडता येणारा ब्लॉक दोरीनं बांधून महिनाभर चालवा, जागा पक्की होऊ द्या. मग छिद्र पाडताना लक्षात ठेवा, जुन्या होड्यांच्या डेकमध्ये दोन फायबरच्या मधे बऱ्याचदा हलकं लाकूड असतं. तिथं पाणी मुरलं की ते कुजतं. म्हणून छिद्र मोठं पाडायचं, इपॉक्सीनं भरायचं, वाळल्यावर त्यातून पुन्हा बोल्टपुरतं पाडायचं. खालून पट्टी लावायला विसरू नका.

पायरी सहावी: कापड

शिडाच्या कापडाचं वजन औंसात सांगतात, आणि हा औंस अमेरिकी शीडवाल्यांचा खास आहे. एक औंस म्हणजे चौरस मीटरला साधारण ४३ ग्रॅम. अठरा-वीस फुटी होडीच्या जेनोआला चार औंसाच्या आसपासचं, म्हणजे १७० ग्रॅमचं डॅक्रॉन ठीक. याहून जड घेतलं तर हलक्या वाऱ्यात शीड स्वतःच्या वजनानंच खाली पडतं, आणि हलकं वारं हेच तर आपलं कारण. कुणी नायलॉनचं पातळ रंगीत कापड सुचवील. ते वाऱ्याबरोबर जाताना छान, पण ताणतं फार, त्यामुळं वाऱ्याच्या तोंडाकडे जाताना कामाचं नाही.

गुंडाळणाऱ्या यंत्राचा, म्हणजे फर्लरचा सल्लाही मिळेल. मोठं एकच शीड, वारं वाढलं की थोडं गुंडाळायचं. छोट्या जुन्या होडीला मी तो देणार नाही. अर्धं गुंडाळलेलं शीड जाडजूड नळीला बांधलेल्या झोळीसारखं दिसतं आणि तसंच चालतं. पितळी हुकांनी तारेला अडकवायची दोन शिडं, एक शंभराचं आणि एक १३५चं, ही जुनी रीत स्वस्त पडते आणि दोन्ही शिडं आपापल्या वाऱ्यात नीट चालतात. हुकांचं माप तारेच्या जाडीवर ठरतं, ती मोजून ठेवा.

पायरी सातवी: जुनं घ्यायचं की शिवून घ्यायचं

जुनं घेणार असाल तर विकणाऱ्याकडून टक्के विचारूच नका. विचारा लफ, लीच, फूट आणि एलपी, चारही फुटांत, टेप दिसेल अशा फोटोसकट. मग कापड चुरगाळल्याचा आवाज रेकॉर्ड करून पाठवायला सांगा. हसतील, पाठवतील. कडकड ऐकू आली पाहिजे. क्लूजवळच्या शिवणीवर नखानं खरवडलं की दोरा तुटत असेल तर उन्हानं तो संपलाय. दोरा पुन्हा शिवता येतो, म्हणून तेवढ्यावरून शीड नाकारू नका, पण भाव पाडा.

लफ लांब भरली तर ते शीड कापून लहान करता येईल का? मीही विचारलं होतं. येतं, पण खालून कापलं की क्लू, टॅक, मजबुतीची ठिगळं सगळंच नव्यानं करावं लागतं, आणि फुगीर भागाची जागा बिघडते. मला आलेला खर्चाचा आकडा ऐकून मी ते शीड कडब्याला दिलं.

नवं शिवून घेताना कागदावर एवढं लिहून द्या: लफ जास्तीत जास्त किती, एलपी किती, क्लू डेकपासून किती वर, तारेची जाडी, कापडाचं वजन, स्प्रेडर लफच्या वरच्या टोकापासून किती खाली येतो, आणि होडी मुख्यतः हलक्या वाऱ्यात चालते ही एक ओळ. या शेवटच्या ओळीवरून शिवणारा शिडाचा फुगीरपणा ठरवतो. जमलं तर सुतळीच्या त्रिकोणाचा बाजूनं काढलेला फोटोही जोडा.

पायरी आठवी: पहिला दिवस

सकाळी दहाच्या सुमाराला, झुळूक असताना निघा. लफपासून वीतभर मागं, शिडाच्या दोन्ही बाजूंनी लोकरीचे छोटे धागे चिकटवून ठेवा, एक जोडी खाली, एक मध्ये, एक वर. सगळी भाषा हे धागेच बोलतात. वाऱ्याच्या बाजूचा धागा नाचायला लागला तर होडी वाऱ्याच्या तोंडात जास्त गेली आहे किंवा शीट सैल आहे. पलीकडचा नाचला तर शीट फार ओढली आहे. वरचा धागा खालच्याच्या आधी नाचला तर ब्लॉक पुढं सरकवा, खालचा आधी नाचला तर मागं. तिन्ही एकदम हलले की जागा बरोबर. तिथं डेकवर मार्करनं रेघ मारून ठेवा.

लफवर हुकापासून हुकापर्यंत आडव्या सुरकुत्या दिसल्या तर शीड वर चढवायची दोरी अजून ओढा. तारेला समांतर उभी घडी पडली तर सोडा. वारं अगदीच पडलेलं असेल तर दोघंही वाऱ्याच्या उलट बाजूला, म्हणजे शिडाच्या बाजूला बसा. होडी जराशी कलली की कापड आपोआप आपल्या आकारात लोंबतं, नाहीतर ते घडी पडून बसतं.

मोठ्या शिडानं दिशा बदलताना नवख्यांची तारांबळ उडते. जिब सुटसुटीत पलीकडे जातं, जेनोआला मात्र डोलकाठी आणि श्राउडना वळसा घालून जावं लागतं, आणि ते कुंपणाच्या तारेत धोतर अडकावं तसं अडकतं. उपाय असा: शीट लगेच सोडायची नाही. नाळ वाऱ्यातून पलीकडे जाऊ द्या, शीड उलट्या बाजूनं फुगून नाळेला ढकलू लागेल, तेव्हा एकदम पूर्ण सोडा. मग दुसरी शीट हातावर हात टाकत झपाट्यानं ओढा, भार यायच्या आत. सुकाणूवरच्या माणसानं वळण सावकाश घ्यायचं. आमचं पहिल्या दिवशी पाचपैकी तीनदा अडकलं. दुसऱ्या आठवड्यात एकदाही नाही. दीडशेचं असतं तर अजून अडकत असतं, याबद्दल मला शंका नाही.

आता मामांच्या प्रश्नाचं उत्तर

‘आन् आल्यावर?’ आल्यावर उतरवायचं. पण यायच्या आधी उतरवायचं, हे त्यातलं मर्म.

परभणीच्या कृषी विद्यापीठाचा हवामान सल्ला शेतकरी वाचतात तसा तुम्हीही वाचा. त्यात वाऱ्याचा वेग ताशी किलोमीटरमध्ये असतो, नॉट काढायला साधारण दोननं भागा. ताशी १८ ते २२ किलोमीटरच्या वर वारं सांगितलं असेल तर १३५ घरीच ठेवा. पाण्यावर असाल तर खूण अशी: लाटांच्या डोक्यावर इकडं तिकडं पांढरा फेस दिसू लागला की शीड बदलायची वेळ झाली. सुकाणू हातात जड लागायला लागलं, ते सतत स्वतःकडे ओढून धरावं लागतंय, डेकची कड पाण्याकडे चाललीय, तर ती वेळ टळून गेली आहे.

एप्रिल-मेमध्ये, आणि पावसाळा लागायच्या तोंडाला, मोठं शीड मी नेतच नाही. दुपारी तीनपर्यंत काठावरचं पान हलत नाही, आणि मग वावटळी उठतात, ढग भरून येतात. नांगरलेल्या काळ्या रानावर धुळीचा पडदा उभा राहिलेला दिसला की हातात काही मिनिटं असतात. तेवढ्यात शीड खाली पाहिजे. यासाठी शेंड्याच्या हुकाला एक बारीक दोरी बांधा, ती लफच्या बाजूनं खाली आणून नाळेवरच्या छोट्या ब्लॉकमधून बसायच्या जागेपर्यंत घ्या. वरची दोरी सोडायची, ही ओढायची, शीड नाळेवर गोळा. डुलणाऱ्या होडीच्या नाळेवर कुणाला रांगत जावं लागत नाही. या एका दोरीशिवाय मोठं शीड चढवू नका, आणि लाइफ जॅकेटशिवाय कुणी होडीत बसू नका, पोहता येत असलं तरीही.

उन्हाळ्यात पाणी उतरत जातं तेव्हा आणखी एक घात असतो. सिंदफणा नदीचं जुनं पात्र, बांध, झाडांचे बुंधे वर येऊ लागतात. मोठ्या शिडाखाली वेगात असताना होडीच्या बुडातून पाण्यात उतरणारं, वर घेता येणारं पातं त्यावर आदळलं तर धक्का थेट डोलकाठीपर्यंत जातो. मार्चनंतर आम्ही पातं अर्धं वर घेऊन, लहान शिडावर, खोल पाण्यातच फिरतो.

किनाऱ्याला आलात की शीड तारेवर फडफडत ठेवून चहाला जाऊ नका. फडफडण्यानं आणि उन्हानं शिडाचं आयुष्य जितकं घटतं तितकं चालवण्यानं घटत नाही. आपल्याकडे खाऱ्या पाण्याचा त्रास नाही, पण गाळाचा आहे. साध्या पाण्यानं धुवा, सावलीत वाळवा, ब्लीच किंवा कपड्याची पावडर लावू नका. घडी घालताना दर वेळी वेगळ्या जागी घाला, म्हणजे एकाच रेघेवर कापड मोडणार नाही. पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नका. घरात, पिशवीत, उंदरांपासून उंच टांगून ठेवा, आणि पिशवीवर जाड अक्षरात १३५ लिहा. आमच्याकडे दोन्ही पिशव्या एकाच निळ्या रंगाच्या आहेत, आणि एका सकाळी घाईत मी शंभरऐवजी हीच उचलून नेली होती.